शाळेत टॅब्लेट घेताय? बडोद्याच्या आमच्या शाळेतला वापरून झालेला रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीच्या टॅबचा नाहीये, आमच्या शाळेत टॅब्लेटचा जो सगळा लवाजमा आला, म्हणजे टॅब, त्यात टाकलेली ॲप्स, चार्जिंगची सोय, भिंतीवरचा मोठा टच पॅनल, त्या सगळ्याचा आहे आणि सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवताना त्यातलं काय खरंच कामाला आलं त्याचा आहे. ओळखीतले बरेच शिक्षक आणि एक-दोन ट्रस्टी मंडळी सारखं विचारतात की कोणता टॅब घ्यायचा, किती रॅम पाहिजे, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

शाळा गुजराती माध्यमाची, ट्रस्टची, दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या पट्ट्यातली, त्यामुळे प्रत्येक वर्गात घरी मराठी बोलणारी चार-पाच मुलं तरी असतातच. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवून दिले आणि त्यातून वीस टॅब आले. वर्गात मुलं चाळीस. मग बाकीच्या वीस जणांनी काय करायचं, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. माझं ठाम मत आहे की वीस पुरेत, आणि जास्तीचे पैसे असते तरी मी चाळीस घ्या असं कधीच म्हटलं नसतं, ते पैसे दुसरीकडे लावायला सांगितलं असतं (कुठे ते पुढे येईलच).

कारण असं की दोघांत एक टॅब असला की एकाच्या हातात स्क्रीन आणि दुसऱ्याच्या हातात वही-पेन्सिल, हा आमचा नियम. वहीवाला सांगणार काय करायचं, टॅबवाला ते करणार, आणि काय झालं ते वहीवाला लिहून ठेवणार, पाच-सात मिनिटांनी अदलाबदल. यात मुलं बोलतात. "अरे तिथे नको लावूस, आधी बॅटरी फिरव", "थांब ना, मला बघू दे काय होतंय", असं चाललेलं असतं आणि डोक्यात जे आहे ते तोंडावाटे बाहेर येतं, मी बाकांमधून फिरत असते तेव्हा मला ऐकू येतं की कोणाचं नेमकं कुठे अडलंय. अर्धा वर्ग लॅबला असतो तेव्हा एकेकाला एकेक टॅब देता येतो, तेही करून बघितलंय. वर्ग एकदम शांत होतो, दारातून बघणाऱ्याला वाटतं काय छान अभ्यास चाललाय, पण मला त्या शांततेत काही म्हणजे काही कळत नाही. कोण समजून करतंय आणि कोण नुसतं बोट फिरवतंय, सगळे सारखेच दिसतात.

आता सगळ्यात जास्त जे वापरतो त्याबद्दल. फेट सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग. कार्ल वायमन म्हणून नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००२ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला, वेबसाइटवर फुकट आहे, शंभराहून जास्त सिम्युलेशन्स आहेत आणि त्यातली बरीचशी गुजरातीत आणि मराठीतही मिळतात. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक सिम्युलेशन एका एचटीएमएल फाइलमध्ये डाउनलोड होतं, ती फाइल टॅबमध्ये टाकली की नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडते. वर्गात नेट नाही म्हणून रडायचं कामच नाही.

वीजमंडलाचा धडा घ्या. मी आधी टॅब काढतच नाही. दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, वायरचे दोन तुकडे, टोकं सोललेली, एवढंच प्रत्येक जोडीला देते आणि सांगते पेटवा. पाच मिनिटं सगळ्यांची झटापट चालते, वायर एकीकडे टेकवली की दुसरीकडची सुटते, मग कुठून तरी "बेन, लाइट थई गई!" (बाई, दिवा लागला!) असा ओरडा होतो आणि मग एकेक बाक पेटत जातो. ही मजा कुठल्याही स्क्रीनवर नाही, आणि ती मुलांकडून काढून घेऊ नये. मग मी फळ्यावर एक प्रश्न लिहिते, की बल्बच्या आधी वायरमध्ये जेवढा करंट आहे तेवढाच बल्बच्या नंतर असेल का कमी असेल? जवळजवळ सगळा वर्ग हात वर करतो की कमी असेल, बल्बने वापरला ना. इतकं साहजिक उत्तर आहे की मोठ्या माणसांना विचारलंत तर त्यातलेही पुष्कळ जण हेच सांगतील. आणि हे हातातल्या सेल-बल्बवर दाखवता येत नाही, कारण वायरच्या आतलं कोणाला दिसणार?

इथे टॅब बाहेर येतात. फेटच्या सर्किट किटमध्ये मुलं तेच मंडल जोडतात, आणि आत इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके सरकताना दिसतात, बल्बच्या आधीही त्याच वेगाने आणि नंतरही त्याच वेगाने. करंट मोजणारा ॲमीटर या बाजूला लावा, त्या बाजूला लावा, आकडा तोच. माझ्या सातवीत एक अगदी गप्प बसणारा मुलगा आहे, त्याने तो ॲमीटर इकडून तिकडे, तिकडून इकडे असा कितीतरी वेळा फिरवून बघितला, बाजूच्याने हात ओढला तरी सोडेना, आणि मग मान वर करून विचारलं, "पण बेन, मग बल्ब खातो काय?" तिथे मी सगळ्यांना टॅब पालथे ठेवायला लावले. पुढचा सगळा तास आम्ही करंट वेगळा आणि ऊर्जा वेगळी यावर बोललो, फळा आणि खडू, बास. शिकवायला लागल्यापासून मी हा धडा घेतेय पण हा प्रश्न मुलांकडून येणं ही फार मोठी गोष्ट वाटली मला, आणि तो त्या निळ्या ठिपक्यांमुळे आला, हे मान्य करायलाच पाहिजे. (सेल शॉर्ट केला की त्यात ज्वाळा दिसतात, मुलं आधी पाच मिनिटं तेच करतात. करू द्या. घरी प्लगमध्ये काय करायचं नाही ते त्यातून बरोबर डोक्यात बसतं.)

तर माझ्या मते टॅबची खरी जागा ही आहे. हाताने करता येतं ते आधी हाताने, जे हाताला आणि डोळ्याला लागत नाही तेवढंच टॅबवर, आणि काम झालं की लगेच टॅब परत. पंधरा-वीस मिनिटं. अख्खा तास टॅब हातात राहिला की त्याचा नुसता टीव्ही होतो.

जिओजेब्राचंही तसंच. मार्कुस होहेनवार्टर नावाच्या माणसाने २००१ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबुर्गला शिकत असताना केलेलं सॉफ्टवेअर, शाळांना फुकट. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० हे मुलं वहीत कोनमापकाने मोजतात तेव्हा कोणाची १७८ येते कोणाची १८३ येते आणि मग शेजाऱ्याच्या वहीत बघून खोडून १८० करतात, हे प्रत्येक गणिताच्या टीचरला माहितीये. जिओजेब्रात शिरोबिंदू बोटाने धरून ओढला की तिन्ही कोन पळत राहतात आणि बेरीज हलत नाही, त्रिकोण अगदी चपटा केला तरी हलत नाही. त्यानंतर वहीतले १७८ खोडायची गरज वाटत नाही, मुलं विचारतात की माझे दोन अंश गेले कुठे, कोनमापक नीट ठेवला नव्हता का. बरोबर प्रश्न. अपूर्णांकांना मात्र मी अजूनही कागदाची घडीच वापरते, कागद स्वस्त, फाटला तर फाटला, आणि अर्ध्याचा अर्धा बोटांना कळतो.

आता टॅबबद्दल. आम्ही घेतले ते दहा इंची, चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी स्टोरेज, एका टॅबला साधारण बारा-तेरा हजार पडले, सयाजीगंजमधल्या एका दुकानातून. यापेक्षा भारी घ्यायची शाळेला गरज नाही, आणि आठ इंची घेऊ नका, दोन डोकी एका स्क्रीनवर वाकली की आठ इंच कमी पडतात. हेडफोनचं गोल भोक आहे का ते दुकानातच बघून घ्या, हल्ली काही टॅबना नसतं आणि मग ब्लूटूथचे वीस हेडफोन जोडत बसायचं म्हणजे अर्धा तास त्यातच गेला. साधे वायरवाले हेडफोन, आणि एका भोकात दोन हेडफोन लागतील असे स्प्लिटर, हे पहिल्याच खरेदीत घ्या. जाड रबरी कव्हर आणि काच तर पाहिजेच, बाकावरून टॅब पडणार हे धरूनच चाला. स्टायलस वगैरे कशाला, बोट पुरतं.

एक सेटिंग सगळ्या शिक्षकांना सांगते, अँड्रॉइडमध्ये सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये ॲप पिन करायची सोय असते, ती चालू करून पिन नंबर ठेवला की मूल त्या ॲपमधून बाहेर जाऊच शकत नाही. यासाठी काही जण महिन्याला पैसे भरून वेगळं सॉफ्टवेअर घेतात, वीस टॅबला त्याची गरज नाही.

चार्जिंगची ट्रॉली म्हणून जी मिळते ना, चाकांचं कपाट, तिचा भाव ऐकला तर त्यात आणखी काही टॅब आले असते. आमच्या शिपाईकाकांनी डोकं लढवलं, मांडवीजवळच्या भांड्यांच्या दुकानातून स्टीलची दोन ताटाळी आणली, त्यात टॅब ताटांसारखे उभे राहतात, मधून हवा खेळती राहते, खाली अनेक पोर्टचे यूएसबी चार्जर. दिसायलाही छान दिसतं आणि कोणता टॅब जागेवर नाही ते दारातूनच कळतं. फक्त एकच, एका एक्स्टेंशन बोर्डवर सगळं लादू नका. वायरमनला बोलवून वेगळी लाइन आणि स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाकून घेतलं आम्ही. वर म्हटलं ना की जास्तीचे पैसे दुसरीकडे लावा, ते हेच. प्लग, वायरिंग, हेडफोन, कव्हर, आणि शिक्षकांना शिकायला मोकळे तास. कोटेशनमध्ये यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

टॅबवर नंबराचे स्टिकर आहेत आणि रोल नंबरप्रमाणे जोडीचा टॅब ठरलेला आहे, रोज तोच. यामुळे मुलं स्वतःच सांभाळतात, ओरखडा पडला तर येऊन सांगतात.

बडोद्याच्या लोकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम. एक, टॅब तळमजल्यावर ठेवू नका. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीच्या पुराने शहरात काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, आमचं कपाट वरच्या मजल्यावर आहे आणि तिथेच राहील. दुसरं म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात बंद खोलीत पत्र्याखाली बॅटरीची वाट लागते. सुट्टी लागायच्या आधी टॅब फुल चार्ज करून ठेवायचे नाहीत आणि पार रिकामेही नाहीत, साधारण निम्म्यावर आणून बंद करून सावलीच्या खोलीत ठेवायचे, लिथियमच्या बॅटरीला तेच मानवतं.

नेटचं काय, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. शाळेत वायफाय आहे पण जाड भिंतींची जुनी इमारत, वर्गापर्यंत येईल तर शपथ. त्यावर उत्तर कोलिब्री. लर्निंग इक्वालिटी नावाची ना-नफा संस्था आहे, त्यांचं फुकट सॉफ्टवेअर. ऑफिसमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही ते टाकलं, नेट असलेल्या जागी नेऊन त्यात खान अकादमी या फुकट शिकवणाऱ्या वेबसाइटची गणितं आणि असा बराच साठा उतरवून घेतला, आणि आता तो कॉम्प्युटर आणि एक साधा राउटर वर्गाच्या बाहेर टेबलावर असतो, टॅब त्या राउटरला जोडले जातात आणि ब्राउझरमध्ये सगळं उघडतं, बाहेरच्या इंटरनेटचा काही संबंध नाही. मुलांची नावं त्याच कॉम्प्युटरवर, कोणाचा ईमेल नको, फोन नंबर नको. कोणाचा कोणता प्रश्न चुकला ते मला माझ्या लॉगिनमध्ये दिसतं. पडदा गुजरातीत किंवा मराठीत करता येतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नेट नसलेल्या वायफायला जोडलं की टॅब विचारतो की या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचं का, तिथे हो म्हणून परत विचारू नको अशी खूण करायची, नाहीतर तो आपोआप सुटून जातो. आणि घरगुती राउटरवर वीस टॅबनी एकदम व्हिडिओ लावले तर अडकणारच, त्यामुळे व्हिडिओ मी पॅनलवर एकदाच सगळ्यांना दाखवते आणि टॅबवर फक्त गणितं.

कोलिब्रीचा तो कॉम्प्युटर उचलून या वर्गातून त्या वर्गात नेताना मला दर वेळी सयाजीराव महाराजांच्या फिरत्या वाचनालयांची आठवण होते. १८९३ ला अमरेलीत आणि १९०६ ला सगळ्या बडोदा राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण शाळा काढून ते थांबले नाहीत, १९१० ला विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलवून राज्यभर वाचनालयं उभी करायला घेतली आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांमधून पुस्तकं पाठवली. गावात रस्ता धड असो नसो, पेटी पोचली की पुस्तकं पोचली. शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावात ज्यांनी एवढा विचार केला, त्यांच्या बडोद्यात आज वर्गात नेट येत नाही म्हणून टॅब कपाटात पडून राहावेत, हे मला पटतच नाही. शाळांनी पेटीचा मार्ग धरावा, साठा वर्गात आणून ठेवावा.

वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग. २०१९ च्या मार्चमध्ये भारतात बोलो या नावाने आलं होतं, नंतर नाव बदललं. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की दिया नावाची ताई तो शब्द उच्चारून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. हिंदी, गुजराती, मराठी, इंग्रजी सगळं आहे. मी भाषेची शिक्षिका नाही, पण गणिताचं उदाहरण वाचता येत नाही म्हणून गणित चुकणारी मुलं मला दर वर्षी मिळतात, म्हणून हे सुरू केलं. एका वर्गात सगळे एकदम वाचायला लागले की बाजूच्याचा आवाज माइकमध्ये जातो, त्यामुळे लॉबीत लांब लांब बसवायचं, चार-पाच जणच, बाकीचे वर्गात दुसरं काम करतात.

यात मला एका मुलीचं फार कौतुक वाटलं. सहावीतली, घरी आजीशी मराठी बोलते, वाचायला मात्र गुजराती लिपीच सवयीची, मराठी अक्षर कधी कोणी दाखवलं नव्हतं, हिंदीमुळे देवनागरी येत होती तेवढीच. तिने स्वतःहून मराठी निवडलं. 'ळ' आला की थांबायची, बोट ठेवायची, ऐकायची, परत म्हणायची, आणि भिंतीकडे तोंड करून बसायची कारण कोणी ऐकलेलं तिला नको असायचं. वर्गात चाळीस जणांसमोर उभं करून वाचायला लावलं असतं तर तोंड उघडलं नसतं. वालीमिटिंगला (पालकसभेला) आजी आल्या होत्या, म्हणाल्या, "अहो टीचर, आता ती मला माझ्या पोथीतलं वाचून दाखवते, माझ्या डोळ्यांना दिसत नाही ना." बडोद्यातली कितीतरी मराठी मुलं बोलतात पण वाचत नाहीत, त्यांच्या आई-वडिलांनी घरच्या फोनवर हे जरूर टाकून बघावं, रोज दहा मिनिटं. पाचपैकी पाच.

दीक्षा ॲप बहुतेकांना माहीत आहे, ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं आणि डाउनलोडही करून ठेवता येतं. मी ते माझ्या तयारीसाठी वापरते, मुलांच्या हातात कमी देते. दर्जा धड्यागणिक वेगळा आहे, आधी स्वतः बघा मग दाखवा.

आणि ज्या शाळेकडे एकही टॅब नाही तिच्यासाठी प्लिकर्स. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर चौकोनी नक्षी, कार्डाची कोणती बाजू वर धरली त्यावरून उत्तर अ, ब, क का ड ते ठरतं, आणि टीचर आपल्या एका फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते की सगळ्यांची उत्तरं फोनमध्ये. कोणाचं उत्तर काय ते शेजाऱ्याला कळत नाही कारण सगळ्यांची नक्षी वेगळी. तो करंटवाला प्रश्न मी आता यावर घेते, धड्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. हात वर करायला लाजणाऱ्या मुलांचंही मत कळतं. खर्च काय तर कार्डांच्या झेरॉक्सचा, जाड कागदावर काढा म्हणजे टिकतात.

आता भिंतीवरचा पॅनल. नाव लिहीत नाही, पण ज्या कंपनीकडून घेतला त्यांच्यावर मी मनापासून नाराज आहे आणि बाकी शाळांनी सावध व्हावं म्हणून सांगते. पॅनलबरोबर त्यांचं स्वतःचं धड्यांचं सॉफ्टवेअर आलं, ॲनिमेशन वगैरे, लायसन्स ठरावीक वर्षांचं. त्यात आम्ही शिक्षकांनी कितीतरी संध्याकाळी बसून स्वतःची पानं बनवली, आकृत्या, सरावाचे प्रश्न. लायसन्स संपल्यावर पडद्यावर रिन्यूचा मेसेज यायला लागला आणि आम्ही बनवलेली पानंही उघडेनात, कारण ती त्यांच्याच फॉरमॅटमध्ये. फोन केला तर सेल्सवाला म्हणे सर्व्हिसला विचारा, सर्व्हिसवाला म्हणे सेल्सला. आमची मेहनत, आमच्याच शाळेच्या भिंतीवर, आणि आम्हालाच कुलूप! आचार्य बेननी (मुख्याध्यापिकांनी) पत्र लिहून झालं, अजून उत्तर नाही. तर पॅनल घेताना लेखी विचारा की लायसन्स संपल्यावर आम्ही बनवलेल्या फाइल्सचं काय, आणि स्वतःची प्रत्येक गोष्ट पीडीएफ किंवा एचटीएमएलमध्ये पेन ड्राइव्हवर ठेवा. आता तो पॅनल आम्ही एचडीएमआय वायर लावून नुसता मोठा पडदा म्हणून वापरतो, त्या कामाला चांगला आहे, पण त्या कामाला साधा प्रोजेक्टर चालला असता. सरकारी शाळांत ज्ञानकुंज या डिजिटल वर्गांच्या योजनेत प्रोजेक्टर आणि पांढरा फळाच होता आणि तिथल्या ओळखीच्या शिक्षिका त्यावर छान काम करतात.

फुकट ॲप म्हटलं की मुलांचे फोन नंबर, जन्मतारीख मागणारी पुष्कळ येतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती पाहिजे असं स्पष्ट आहे. आमचा नियम सोपा आहे, जे ॲप मुलाचं नाव-नंबर मागतं ते टॅबवर जात नाही.

ट्रस्टींच्या मिटिंगला एक प्रश्न आला होता की याने मार्क वाढतील का. मी दोन गोष्टी सांगितल्या. पेरू देशात सरकारने गावच्या शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले, ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला, गणित आणि भाषेत काही फरक सापडला नाही. आणि दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांना शाळा सुटल्यावर माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर देऊन बघितलं, ते मूल जिथे अडलंय तिथूनच सुरू करतं, आठवीचं मूल चौथीच्या गणितात अडलं असेल तर चौथीचं देतं, आणि बरोबर शिक्षकांची छोट्या गटाची शिकवणी होती. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत दोन्हीत चांगली वाढ दिसली, २०१९ ला तो अभ्यास छापून आला. आमच्या आठवीत भागाकारात अडलेली मुलं आहेत आणि धडा मात्र बीजगणिताचा चालू असतो, त्या मुलांसाठी कोलिब्रीवर चौथी-पाचवीची गणितं लावून द्यायची आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास त्यांच्याबरोबर बसायचं, एवढं केलं तर मार्कांबद्दल बोलता येईल, असं मी तिथे म्हटलं. अर्धा तास मंजूर झाला, आठवड्यातून तीन दिवस.

ज्याला टॅब देत नाही तेही सांगते. लांब उत्तरं टाइप करायला देत नाही, गुजरातीत असो मराठीत असो, बोटाने टाइप करताना मुलाचं निम्मं लक्ष काना-मात्रेत जातं आणि विचार तुटतो. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ वाचायला देत नाही, पुस्तक दप्तरात आहे. वरच्या वर्गाला बक्षीस म्हणून गेम खेळायला देत नाही, काही शिक्षक देतात, मला ते आवडत नाही कारण मग मुलांच्या मनात टॅब म्हणजे गेम हेच बसतं.

खरेदीची वेळ आलीच तर जून सुरू व्हायच्या आधी एकच टॅब विकत घ्या, शाळेतल्या दोन-तीन शिक्षकांनी तो आळीपाळीने घरी न्यावा आणि आपापल्या विषयाचा एकेक धडा धरून ठरवावं की कुठली पंधरा मिनिटं टॅबवर द्यायची. आमच्या विज्ञानाला अशी जागा बऱ्याच धड्यांत निघाली, समाजशास्त्राच्या बेननी सगळं पुस्तक चाळून सांगितलं की मला नकाशाच्या दोन धड्यांपुरतेच लागतील, बाकी नको. त्या हिशोबाने टाइमटेबल लावलं, म्हणून वीस टॅब तीन वर्गांना व्यवस्थित पुरतात. हे ठरल्यावर मगच बाकीच्यांची ऑर्डर द्या, आणि दुकानदाराकडून रिपेअरिंग बडोद्यातच होईल असं बिलावर लिहून घ्या, नाहीतर काच फुटलेला टॅब अहमदाबादला जातो आणि टर्म संपली तरी येत नाही.